अपुरे ठेवण्याची मुभा

उत्तम काम करण्याची आवड आणि निर्दोषतेचा ध्यास या दोन गोष्टींत लोक सहसा भेद करीत नाहीत. आणि तो न केल्यामुळेच, ज्या वृत्तीला आज आपण मोठ्या कौतुकाने कार्यनिष्ठा म्हणून गौरवितो, तिच्या पोटात किती भय दडलेले असते याचा अदमास घेण्याची आपणांस गरजही भासत नाही. काम आवडणारा सुतार रंधा मारून झाला की फळीवरून हात फिरवितो, ती बाजूला ठेवतो आणि दुसरी घेतो. निर्दोषतेच्या ध्यासाने पछाडलेल्या माणसाचे लक्ष मात्र फळीवर नसतेच. ती पाहून आपल्याविषयी कोण काय म्हणेल यावर ते खिळलेले असते, आणि म्हणून त्याची फळी कधी पुरी होत नाही. चार ओळींचे पत्र पाच वेळा वाचूनही ते रवाना करण्यास न धजणारा अधिकारी, पंचाण्णव टक्के गुण मिळाल्यावर उरलेल्या पाच टक्क्यांसाठी रात्रभर रडणारी मुलगी, निवृत्त झाल्यावरही आपल्या जागी आलेल्या माणसाच्या चुका मोजत बसणारा मुख्याध्यापक, ही माणसे आपल्या घरात नाही तर शेजारात आहेतच. त्यांच्या मनात एक कचेरी अष्टौप्रहर भरलेली असते. तेथे आरोपी तेच, वकील तेच, दाखले गोळा करणारे कारकूनही तेच, आणि मामला असा, की कितीही पुरावा सादर केला तरी निकाल दर वेळी पुढल्या तारखेवर तहकूब होतो.

अशा माणसाला ‘जरा विश्रांती घेत जा’ असे सांगणे निरर्थक आहे, कारण विश्रांती म्हणजे त्याच्या दृष्टीने सुनावणीच्या दिवशी गैरहजर राहणे होय, आणि गैरहजेरीत निकाल विरुद्ध जाणार अशी त्याची पक्की खात्री असते. त्याची झोप आणि अन्न ही व्याधी हिरावून घेऊ लागली असेल तर त्याने वैद्याकडे अवश्य जावे, त्यात श्रद्धेची कोणतीही उणीव नाही. परंतु व्याधीच्या मुळाशी जो प्रश्न आहे, म्हणजे माझी किंमत कोणी, केव्हा आणि कशावरून ठरवावयाची, त्या प्रश्नाला ख्रिस्ती श्रद्धेने दिलेले उत्तर मला आजवर ऐकलेल्या सर्व उत्तरांहून अधिक मोकळे करणारे वाटते, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही ते एकदा तपासून पाहावे अशी माझी इच्छा आहे. ते उत्तर असे, की निकाल कामानंतर लागावयाचा नाही. तो कामाआधीच लागलेला आहे आणि तो माणसाच्या बाजूने आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात जो अनुग्रह वर्णिला आहे तो कोणत्याही कामगिरीचा मोबदला नाही. देवाने माणसाला स्वीकारले ते तो अपुरा, चुकणारा, अर्धवट असतानाच स्वीकारले, आणि त्यानंतर माणूस जे काही करतो ते त्या स्वीकाराचे कृतज्ञ उत्तर असते. उत्तर चुकले तर दुरुस्त करता येते, थांबविता येते, दुसऱ्याच्या हाती देता येते. कारण त्याच्यावर आपला जामीन अवलंबून नसतो.

हे तत्त्व सांगण्यास सोपे असले तरी ते अंगी मुरण्यास ख्रिस्ती परंपरेतील थोरांनाही किती यातना पडल्या हे पाहण्यासारखे आहे. मार्टिन लूथर 1505 साली एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला आणि आदर्श संन्यासी होण्यासाठी त्याने उपवास, जागरणे, प्रार्थना यांची इतकी पराकाष्ठा केली, की आपले एखादे पाप कबूल करावयाचे राहून तर गेले नाही ना, या धास्तीने तो तासन्‌तास पापनिवेदन करीत राही आणि त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्झ ते ऐकून थकून जात. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराची 1522 साली मान्रेसा येथे तीच गत झाली. आधी कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा कबूल करूनही समाधान होईना आणि जीव द्यावा असे विचार मनात येऊ लागले, तेव्हा अखेर, गेलेल्या पापांची उजळणी यापुढे करावयाची नाही असा निश्चय करून तो त्या गर्तेतून बाहेर आला. ज्यांच्या अनुयायांनी पुढे युरोप दोन छावण्यांत वाटून घेतला, त्या या दोन पुरुषांची व्याधी एकच असावी, आणि दोघांनाही त्यातून सोडविणारी गोष्ट अधिक प्रयत्न ही नसून प्रयत्नांवरची भिस्त सोडणे ही असावी, हे मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. इग्नेशियस हा अनुभव पुढे विसरलाही नाही. 1548 साली त्याने गांदियाचा ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया याला जे पत्र लिहिले त्यात त्या अतिउत्साही शिष्याला त्याने उपवास व देहदंड कमी करण्यास सांगितले, आणि आत्म्याइतकेच शरीरही देवाचेच असल्याने त्याचाही जबाब द्यावा लागतो याची आठवण करून दिली.

महाराष्ट्राला मात्र या बाबतीत इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण समाजसुधारणेच्या खात्यात टाकून मोकळे होतो, आणि त्यांच्या अंतःकरणात झालेल्या दीर्घ झगड्याकडे, जो त्यांनी स्वतः 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात नोंदविला आहे, आपले दुर्लक्ष होते. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीचे बालपण तीर्थाटनात गेले. दुष्काळात सारे द्रव्य संपले तरी शास्त्राने सांगितलेली दाने, स्नाने, व्रते या कुटुंबाने निष्ठेने चालू ठेवली, आणि आई, वडील व बहीण यांचा अंत पाहिलेल्या रमाबाई भावासह हजारो मैल पायी हिंडल्या. येथे कोणी हा हिंदू धर्मावर ठेवलेला ठपका समजू नये. कृपेची भाषा वारकऱ्यांनाही उत्तम ठाऊक आहे, आणि शिवाय रमाबाईंच्या कथेतील मर्माचा भाग याच्या पुढचा आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अमेरिकेत जाऊन हिंदुस्थानातील विधवांसाठी साहाय्य उभे केले, 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले. आणि हे सर्व करीत असताना, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे पण ख्रिस्त मिळालेला नाही, अशी जाणीव त्यांना आतून कुरतडू लागली होती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले, स्वतः उपदेश करीत असूनही त्याला आपले अंतःकरण रिकामे आढळले होते हे त्यांनी वाचले, आणि त्यातून त्यांच्या ध्यानी आले ते हे, की तारण हे जातीवर, स्त्री-पुरुष असण्यावर, कोणा मनुष्यावर किंवा स्वतःच्या कर्मावर अवलंबून नाही. ते देव फुकट देतो. म्हणजे धर्म बदलल्यानेही ती मनातली कचेरी आपोआप बरखास्त होत नाही. ती नव्या धर्माच्या नावाने, नव्या कायद्यांनिशी, त्याच आरोपीवर त्याच जोमाने चालू राहू शकते.

यावर एक आक्षेप सरळ उभा राहतो. रमाबाईंचे श्रम त्यानंतर कमी झाले काय? मुळीच नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन वाढले, आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, ज्याचे खिळे मुक्तीतल्याच स्त्रियांनी जुळविले. मला मात्र या कामाच्या परिमाणापेक्षा त्याचे रूप अधिक बोलके वाटते. निर्दोषतेच्या मागे लागलेली संस्था माणसे निवडून घेते. दर्जा राखण्यासाठी ती मंदबुद्धीला, आजाऱ्याला, कलंकितेला दाराबाहेर ठेवते, आणि तिच्या वार्षिक अहवालातील आकडे म्हणूनच स्वच्छ दिसतात. मुक्तीत अंध स्त्रियांसाठी बर्तीमी सदन होते, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते, वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीतिसदन होते. ज्यांच्याकडून कधीच कसली ‘प्रगती’ दाखविता येणार नाही अशा माणसांना जवळ करणे हे ज्याला आपल्या कामाचा दाखला कोणाकडे तरी सादर करावयाचा आहे त्याला परवडत नाही. ज्याचा निकाल लागून चुकला आहे त्यालाच ते परवडते. रमाबाईंनी स्वतःच्या देहाला पुरेशी विश्रांती दिली असे मी म्हणणार नाही, आणि 1921 साली मुलगी मनोरमा गेल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, एप्रिल 1922 मध्ये, त्यांचेही देहावसान झाले हे वाचताना माझे मन आजही हळहळते. छापील बायबलचा पूर्ण ग्रंथ 1924 साली निघाला. तो पाहण्यास त्या नव्हत्या.

ख्रिस्ती समाजाने अतिश्रमाची भलामण कधी केलीच नाही असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1904-05 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात निबंधात दाखविले, की देवाने आपल्याला निवडले आहे किंवा नाही या चिंतेने ग्रासलेले कॅल्व्हिनपंथी लोक आपल्या व्यवसायातील अखंड, शिस्तबद्ध परिश्रमांत त्या निवडीची खूण शोधू लागले, आणि त्या वृत्तीने आधुनिक भांडवलशाहीला बळ पुरविले. वेबरच्या सिद्धांतावर पुष्कळ वाद झाले आहेत. तथापि जिथे अनुग्रहाची खात्री ढळते तिथे श्रम तिची जागा घ्यावयास धावतात, हे त्याचे निरीक्षण मला आपल्या मिशन शाळांत, दवाखान्यांत आणि चर्चच्या समित्यांत पदोपदी खरे ठरताना दिसते. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायाच्या शेवटी स्वर्गीय पित्याप्रमाणे परिपूर्ण होण्याची जी आज्ञा आहे तिचा तर आपण फार दुरुपयोग केला आहे. तिच्या आधीच्या ओळींत येशू सांगतो ते एवढेच, की देव आपला सूर्य दुर्जनांवर आणि सज्जनांवर सारखाच उगवितो आणि पाऊस दोघांच्याही शेतात पाडतो. म्हणजे ती परिपूर्णता हिशेब न ठेवता देण्याची आहे. आणि तिच्याच आधाराने आपण मुलांच्या हस्ताक्षरातील काना-मात्रा आणि उपासनेतील गायनवृंदाचे सूर तपासत बसतो.

शब्बाथाची, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा मला या साऱ्या विषयाचा कणा वाटते. इस्राएल लोक मिसरात गुलाम होते तेव्हा फारोने विटांची ठरलेली संख्या तशीच ठेवून त्यांना पेंढा देणे मात्र बंद केले, पेंढा त्यांनीच गोळा करावा असे फर्मान काढले, संख्या भरली नाही तेव्हा त्यांच्या मुकादमांना मार दिला, आणि दाद मागण्यास आलेल्यांना तुम्ही आळशी आहात असे सुनावले. निर्गमाच्या पाचव्या अध्यायातील हा प्रसंग ज्याने वाचला असेल त्याला, आठवड्यास 70 तास काम करण्याचा जो उपदेश 2023 साली एका नामांकित उद्योजकाने देशातील तरुणांना केला तो ऐकताना, आवाज ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. त्या विटभट्टीतून सुटलेल्या लोकांना जी आज्ञा मिळाली ती सातव्या दिवशी थांबण्याची होती. बायबलातील अनुवाद या पुस्तकात तिचे कारण स्पष्ट दिले आहे, की तुम्ही मिसरात दास होता हे विसरू नका; आणि कोणी थांबावे याची यादीही दिली आहे, तीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांची नावे आहेत. विश्रांती हा एकट्याच्या मनःशांतीचा विषय नव्हे. मी थांबलो आणि माझ्या घरची मोलकरीण, माझ्या दुकानातला पोऱ्या, माझ्या गाडीचा चालक थांबला नाही, तर मी शब्बाथ पाळला असे होत नाही.

आपल्या मुंबईत हीच गोष्ट ज्याने प्रत्यक्षात आणली तो ख्रिस्ती नव्हता. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आणि बहुधा सुटीविना राबणाऱ्या त्या माणसांची कैफियत मालकांपुढे व सरकारपुढे सातत्याने मांडली, आणि 1890 साली गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. मुंबईच्या चर्चांतील घंटा त्याआधी कित्येक पिढ्या दर रविवारी वाजत होत्या. त्या ऐकून उपासनेस जाणाऱ्या ख्रिस्ती मालकांना आणि अंमलदारांना गिरणीतला माणूस त्या आज्ञेच्या यादीत आहे हे सुचले नाही, आणि लोखंड्यांना सुचले. आम्हां ख्रिस्ती लोकांनी त्यांचे नाव रविवारच्या प्रार्थनेत कृतज्ञतेने घ्यावे, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे.

आता घरात यावे. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळच्या आठवड्यात जी धांदल उडते ती ज्याने पाहिली आहे त्याला अतिश्रमाचे उदाहरण कचेरीत शोधावे लागत नाही. चोवीस तारखेची रात्र, ओसरीवर तारा लागलेला, मुले शेजारच्या पोरांबरोबर गाणी म्हणत फिरतात, आणि स्वयंपाकघरात घरची बाई शेवटचा घाणा तळत असते. करंज्यांच्या ताटातून मुरड वाकडी पडलेली एकेक करंजी ती उचलते आणि ‘ही घरच्यांना’ म्हणून बाजूच्या डब्यात टाकते, कारण पाहुण्यांच्या ताटात ती गेली तर तिला स्वतःला कमीपणा येईल. सकाळी उपासनेत देवदूतांचे वर्तमान वाचले जात असताना ती बाकावर बसल्या बसल्या डुलकी घेते, आणि तिला कोणी हलवून जागे करते. मार्थेच्या घरी येशू आला तेव्हा त्याने स्वयंपाकाला नावे ठेवली नाहीत. त्याने तिचे नाव दोनदा उच्चारले आणि ती किती गोष्टींची काळजी करीत आहे एवढेच तिच्या ध्यानी आणून दिले. तो प्रसंग स्त्रियांना उपदेश करण्यासाठी व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितला जातो. सांगणारा पुरुष घरी परतल्यावर मार्थेने वाढलेल्या पाच पदार्थांना हात लावतो आणि सहावा का केला नाही असे विचारतो, तोवर त्या प्रवचनाला काही अर्थ नाही.

येशूच्या स्वतःच्या वागण्याकडे आपण या दृष्टीने फारसे पाहत नाही. मार्काच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमात संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटते, तो पुष्कळांना बरे करतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात निघून जातो. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधून काढतात आणि सर्व लोक तुझा शोध करीत आहेत असा तगादा लावतात. तेव्हा तो माघारी फिरत नाही, आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ या असे म्हणतो. कफर्णहूमात त्या सकाळी आजारी माणसे उरली असलीच पाहिजेत. ज्याच्या हाती बरे करण्याचे सामर्थ्य होते त्याने ती सगळी संपवून मग पुढे जावयाचे ठरविले असते तर तो त्या गावाबाहेर कधीच पडला नसता. पुढे वादळात होडी पाण्याने भरत असताना तो मागच्या भागात उशीवर झोपलेला आहे, आणि शिष्यांना त्याच्या झोपेचा राग येतो. काम उरलेले असताना झोपू शकणे ही पित्यावरील विश्वासाची एक क्रिया आहे, असे मला त्या झोपेकडे पाहून वाटते. रात्री अडीच वाजता दिवा मालविण्यास ज्याचा हात धजत नाही त्याने तो प्रसंग निवांतपणे वाचावा.

अपुरे राहिलेल्या कामाविषयीचे आपले भयही बहुतेक अनाठायी असते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि 1919 साली ते गेले तेव्हा ते महाकाव्य बरेच अपुरे होते. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते आणि ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर झाली. टिळकांसारख्या सिद्धहस्त कवीचे काम अर्ध्यावर सुटले नसते तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्या बाईच्या अंगी काव्यरचनेचे एवढे बळ आहे हे कदाचित कधी उघडकीसही आले नसते. जो सर्व काही आपल्याच हातून पुरे करू पाहतो तो दुसऱ्याचा वाटा अडवून बसतो, ही गोष्ट संस्थांतल्या ज्येष्ठांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

आणि म्हणूनच आमच्या मंडळ्यांकडे माझी मागणी उपदेशाची नसून व्यवस्थेची आहे. रविवार हा पाळकाच्या आणि धर्मगुरूच्या सर्वांत जास्त श्रमांचा दिवस असतो, तेव्हा त्याला आठवड्यातील दुसरा एक दिवस समितीच्या ठरावाने, लेखी, बांधून द्यावा, आणि मृत्यूसारखे निकडीचे कारण असल्यावाचून त्या दिवशी त्याच्या दाराची कडी कोणी वाजवू नये. मिशन दवाखान्यातील परिचारिकांच्या आणि शाळांतील शिक्षिकांच्या जादा तासांना ‘सेवा’ हे नाव देऊन ते फुकट वापरण्याची वहिवाट बंद करावी. ते तास हजेरीपत्रकात लिहावेत आणि त्यांचा मोबदला किंवा बदली रजा द्यावी. रविवारच्या शाळेत मुलांना बक्षिसे देताना पाठांतर न चुकविणाऱ्याबरोबर, चुकून पुन्हा उभे राहणाऱ्यालाही बोलवावे. आणि ज्या घरी मोलकरीण येते त्या ख्रिस्ती घराने तिला रविवारची पगारी रजा येत्या आठवड्यापासूनच द्यावी; त्यासाठी कोणत्याही समितीच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही.